बेपत्ता शिपायांची कचेरी

वॉशिंग्टन



इथल्या सातव्या रस्त्यावरची एक जुनी इमारत १९९६ साली पाडायला निघाली होती. आधी पाहणी करायला गेलेल्या रिचर्ड लायन्स या सरकारी सुताराला छताच्या फटीतून लोंबणारा एक लिफाफा दिसला. माळ्यावर चढून पाहतो तो कागदपत्रं, जुने कपडे आणि काळ्या पत्र्यावर सोनेरी अक्षरांची पाटी : ‘बेपत्ता शिपायांची कचेरी, तिसरा मजला, खोली ९, मिस क्लारा बार्टन’. पाडकाम थांबलं. आता तिथे संग्रहालय आहे.

क्लारा बार्टन म्हणजे अमेरिकेत रेडक्रॉस आणणारी बाई, इतकं पुष्कळांना ठाऊक असतं. रेडक्रॉस १८८१ चा. मला सांगायचंय ते त्याच्या वीस वर्षं आधीचं.

१८६१ ते १८६५ या काळात हा देश आपसात लढला. गुलामगिरी टिकवू पाहणारी दक्षिणेची राज्यं फुटून निघाली आणि युद्ध पेटलं. उत्तरेच्या आरमारानं दक्षिणेची बंदरं कोंडली, विलायतेतल्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेना, आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. प्रेमचंद रायचंदांचं नाव तेव्हाच गाजलं. लढाई संपली तशा १८६५ मध्ये मुंबईच्या पेढ्या बुडाल्या. आपण या युद्धाला ओळखतो ते एवढ्यापुरतं. इथे सहा लाखांवर माणसं गेली, आणि त्यातली बहुतेक गोळीनं नव्हे, जुलाब, विषमज्वर अशा आजारांनी.

बार्टनबाई मूळच्या शिक्षिका. न्यू जर्सीतल्या बोर्डेनटाऊनला त्यांनी सरकारी शाळा काढली, ती भरभराटली, तेव्हा वर मुख्याध्यापक म्हणून जास्त पगाराचा पुरुष आणून बसवला. त्यांनी नोकरी सोडली आणि वॉशिंग्टनच्या पेटंट कचेरीत कारकून झाल्या. सैन्यात परिचारिका नेमायचं काम डोरोथिया डिक्स यांच्याकडे होतं. त्यांची अट अशी की बाई पस्तिशीच्या पुढची, दिसायला साधी, अंगावर दागिना नसलेली हवी. बार्टन त्या व्यवस्थेत गेल्याच नाहीत. वस्तू स्वतः जमवल्या, परवाना मिळवला आणि सामानाच्या गाड्या घेऊन थेट रणांगण गाठलं.

१७ सप्टेंबर १८६२, मेरीलँडमधलं अँटिएटम. त्या एका दिवसात दोन्हीकडचे मिळून सुमारे २३ हजार मेले, जखमी झाले किंवा हरवले. शल्यवैद्यांच्या पट्ट्या संपल्या होत्या आणि ते जखमांवर मक्याची पानं बांधत होते. बार्टनबाईंची गाडी पोहोचली ती पट्ट्या, खाण्याचे जिन्नस आणि कंदील घेऊन. एका जखमीचं डोकं उचलून त्या त्याला पाणी पाजत होत्या, तेवढ्यात एक गोळी त्यांच्या बाहीतून आरपार गेली आणि तो माणूस हातातच गेला. हे त्यांनीच पुढे सांगितलंय. मला मात्र त्या कंदिलांचं जास्त वाटतं. रात्री शस्त्रक्रिया थांबणार, हे ज्या बाईनं आधीच ओळखलं, तिला युद्ध कळलं होतं.

पण त्यांचं खरं मोठं काम तोफा थंडावल्यावरचं. तेव्हा शिपायाच्या गळ्यात ओळखीचा बिल्ला नसे. लढाईआधी कुणी कागदावर नाव लिहून कोटाला टाचून घेई, तेवढंच. मुलगा गेला की कैदेत आहे, हे घरी कळवायची धड व्यवस्था नव्हती. अंबा नदीचं पाणी नागोठण्याच्या बाजारपेठेत शिरल्याची बातमी आली आणि घरचा फोन लागेना, की माझा इथे जीव टांगणीला लागतो. शिपायांच्या आयाबायकांनी अशी वर्षं काढली. त्या बार्टनबाईंना लिहू लागल्या. आलेल्या पत्रांची संख्या ६३ हजारांवर गेली. सातव्या रस्त्यावरच्या त्या कचेरीतून बार्टनबाई हरवलेल्यांच्या राज्यवार याद्या छापून टपाल कचेऱ्यांत लावायच्या, वर्तमानपत्रांत द्यायच्या. कुणा परतलेल्या शिपायाला एखादं नाव आठवायचं आणि तो कळवायचा. १८६८ पर्यंत अशा २२ हजारांवर माणसांचा पत्ता लागला.

जॉर्जियातल्या अँडरसनविल इथल्या दक्षिणेच्या बंदिछावणीत चौदा महिन्यांत सुमारे १३ हजार कैदी मेले. मेलेल्यांची नोंद ठेवायला डोरेन्स अॅटवॉटर नावाचा कोवळा कैदी नेमला होता. त्यानं चोरून दुसरी प्रत केली. १८६५ च्या उन्हाळ्यात ती यादी घेऊन तो, बार्टनबाई आणि लष्कराची माणसं तिथे गेली आणि एकेका थडग्यावर नावाची फळी उभी केली. अनोळखी राहिली ती अवघी ४६० थडगी. इथल्या व्हिएतनाम स्मारकाच्या भिंतीवर ५८ हजारांवर नावं कोरलेली आहेत. नावावाचून कुणी राहू नये, हा या लोकांचा हट्ट मला फार मोलाचा वाटतो.

हट्ट सगळ्यांसाठी सारखा नव्हता, हेही लिहिलं पाहिजे. सूझी किंग टेलर जॉर्जियात गुलामीत जन्मली. तिनं काळ्या पलटणीतल्या शिपायांची शुश्रूषा केली, त्यांना अक्षरं शिकवली. पलटणीच्या दप्तरी ती धोबीण. १८६३ मध्ये साउथ कॅरोलायनातल्या एका रुग्णालयात तिची बार्टनबाईंशी भेट झाली होती. चार वर्षांची सेवा बिनपगारी. १८९२ च्या कायद्यानं परिचारिकांना दरमहा १२ डॉलर पेन्शन सुरू झालं, तेही तिला मिळालं नाही. १९०२ साली तिनं स्वतःच आपली हकीकत छापली, म्हणून ती आपल्याला माहीत.

नावं आपल्याकडेही हरवली आहेत. कोकणातल्या काही गावांत १९१४–१९ च्या महायुद्धाच्या संगमरवरी पाट्या आहेत. या गावातून इतके गेले, त्यांतले इतके कामी आले, एवढंच त्यांवर कोरलंय. आकडा आहे, नाव एकही नाही. यातले कितीतरी मराठा पलटणींतून मेसोपोटेमियात गेले होते. राष्ट्रकुल युद्धस्मारक आयोगाच्या नोंदी आता संगणकावर कुणालाही पाहता येतात आणि अनेक नोंदींत बापाचं नाव, गाव, तेव्हाचा कुलाबा जिल्हा असं सगळं आहे. पेण, रोहा, माणगाव, महाड या बाजूला तुमच्या गावात अशी पाटी असेल, तर तिचा फोटो आणि म्हाताऱ्यांच्या तोंडून ऐकलेली नावं मला पाठवा. मी इथून एकेक ताडून पाहते.

आपली,
नागोठण्याची एक लेक