नळाची मोटार आणि काविळीची साथ

यंदाच्या पावसाळ्यात एका आठवड्यात एकाच गल्लीतून काविळीचे चार रुग्ण माझ्याकडे आले. चौथी रुग्ण आठ महिन्यांची गरोदर होती. तिच्या सासूबाईंना मी म्हणालो, "मावशी, हिला आत्ताच्या आत्ता जिल्हा रुग्णालयात न्या." त्या म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, कालच माळ घातलीय, उतरेल."

एरवी मी माळेवरून वाद घालत नाही. पाण्यातून येणारी कावीळ बहुतेकांना काही आठवड्यांत आपोआप बरी होते आणि श्रेय माळेला जाते. पण यातील हेपॅटायटिस 'ई' गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत झाली, तर शंभरातील वीस-पंचवीस स्त्रिया दगावू शकतात. मावशींनी ऐकले. सून आणि बाळ दोघेही सुखरूप आहेत.

नंतर मी ती गल्ली पाहायला गेलो. तेथे एक दिवसाआड पाऊण तास पाणी येते. घरोघरी नळाला थेट मोटार जोडलेली. मुख्य जलवाहिनीपासून घरापर्यंतचे पाइप उघड्या गटारातून गेलेले, सांधे गंजलेले.

पाइपात दाब असतो तेव्हा फुटक्या जागेतून पाणी बाहेर गळते. पुरवठा बंद झाला, की पाइप रिकामा होतो आणि त्याच जागेतून गटाराचे पाणी आत शिरते. त्यात दहा घरच्या मोटारी एकदम सुरू झाल्या, तर त्या जलवाहिनीतले पाणी ओढतात आणि गटारातलेही. पहिल्या पाण्याला वास येतो तो यामुळे. म्हणजे दोष नगरपालिकेचा, तसा आपलाही. मोटार हवीच असेल, तर नळाचे पाणी आधी हौदात पडू द्यावे आणि हौदातून वर चढवावे.

"पाण्यात औषध टाकतात ना?" असे लोक विचारतात. १९५५-५६ साली दिल्लीत पुरानंतर सांडपाणी यमुनेतून शहराच्या पाणीपुरवठ्यात शिरले. क्लोरीन वाढवले गेले, टायफॉइडची साथ आली नाही. कावीळ मात्र सुमारे एकोणतीस हजार लोकांना झाली. ती 'ई' विषाणूची होती, हे पुष्कळ वर्षांनी कळले. गढूळ, मैलामिश्रित पाण्यात विषाणू क्लोरीनला सहज दाद देत नाही. तुरटीने गाळ बसतो, विषाणू मरत नाही. मेणबत्तीच्या फिल्टरमधून तो सहज पार होतो. पाणी खळखळून उकळणे हाच घरचा उपाय. एक मिनिट पुरते. मी पाच सांगतो, कारण पाच सांगितले तर लोक दोन मिनिटे तरी उकळतात.

तरीही क्लोरीनची चाचणी महत्त्वाची आहे. टाकीवर औषध टाकून भागत नाही. शेवटच्या घराच्या नळालाही लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरले पाहिजे. पाण्यात ओ. टी. द्रावणाचे थेंब टाकले, की क्लोरीन असल्यास पिवळा रंग येतो. रंग आला नाही, तर समजावे की पाण्यात क्लोरीन उरलेले नाही. ही चाचणी आपल्या नळावर करून मागण्यात संकोच नको. पाण्याला वास आला, तर पाणीपुरवठा विभागाकडे लेखी अर्ज द्यावा. त्यात गल्ली, वेळ आणि आजारी माणसांची संख्या लिहावी आणि अर्जावर आवक क्रमांक घ्यावा. नुसत्या तोंडी तक्रारीवर कोणी रस्ता खोदत नाही, असा माझा अनुभव आहे. या गल्लीत अर्जावर तेवीस सह्या होत्या, आठवड्यात खोदकाम झाले आणि सांधा सापडला.

दुरुस्तीनंतरही तेथे दोन रुग्ण निघाले आणि लोक चिडले. पण विषाणू पोटात गेल्यापासून कावीळ दिसेपर्यंत दोन ते दहा आठवडे जातात. म्हणून दुरुस्तीनंतरही काही दिवस पाणी उकळूनच प्यावे, आणि घरात गरोदर बाई असेल तर पावसाळाभर.