कोंकणचा उन्हाळा आणि घोडा

चैत्र-वैशाखांत जो म्हसळ्यास राहिला असेल, त्यास तेथील उष्म्याचें वर्णन सांगावयास नको. राजपुरी खाडीच्या टोकाकडील या गांवीं ऊन देशावरच्याइतकें कडक नसतें. परंतु हवा इतकी दमट कीं, अंगावर आलेला घाम वाळतच नाहीं. हा भेद न जाणल्यामुळें आमच्या हातून घडलेली एक चूक वाचकांपुढें ठेवीत आहों.

बऱ्याच वर्षांपूर्वीं आमच्या एका स्नेह्यांनीं घाटावरून एक उमदा घोडा आणविला आणि चौथ्याच दिवशीं भर दुपारीं त्यावरून श्रीवर्धनची फेरी केली. परत आला तेव्हां घोड्याचें पोट भात्याप्रमाणें हालत होतें. तो बादलीकडे तोंड नेऊं लागतांच, 'तापलेल्या घोड्यास पाणी पाजूं नये,' हा वडीलधाऱ्यांकडून ऐकलेला नियम आम्हीं सांगितला व बादली दूर सारविली. रात्रीं त्यास पोटशूळ झाला. पहांटे तो गेला. पुढें एका पशुवैद्यांनीं आमचा नियमच उलटा असल्याचें समजाविलें.

घोडाही मनुष्याप्रमाणें घामानेंच अंग थंड करितो. कडक श्रमांत तासाला १० ते १५ लिटर घाम जाऊं शकतो, आणि त्याबरोबर मीठही इतकें जातें कीं, तहानेची जाणीव मंदावते. घाम वाळला नाहीं कीं उष्णता अंगांतच कोंडते. १९९६ सालीं अटलांटा येथें झालेल्या ऑलिंपिक सामन्यांपूर्वीं या विषयाचा पुष्कळ अभ्यास झाला. थंड पाणी सर्वांगावर पुनःपुन्हा ओतणें हाच उत्तम उपाय ठरला. त्यानें स्नायू आखडतात ही भीति निराधार निघाली. श्रमानंतर पाणी पाजण्यासही हरकत नाहीं.

मग लांब रपेटीसाठीं घोडा तयार कसा करावा? नव्या हवेशीं जुळण्यास त्यास दोन-तीन आठवडे द्यावे. आरंभीं पहांटे केवळ चाल. मग थोडी दुडकी. दौड सर्वांत शेवटीं. हृदय व फुप्फुसें कांहीं आठवड्यांत सुधारतात. हाडें व कंडरा यांस मात्र महिने लागतात. म्हणून अंतर आणि वेग एकदम वाढवूं नयेत. दाण्यांत रोज सुमारें ३० ग्रॅम मीठ व पुढें मुबलक पाणी असावें. विसांव्यांत नाडी मिनिटास २८ ते ४४ असते. रपेटीनंतर विश्रांति देऊनही ती ६४ च्या खालीं उतरली नाहीं, तर त्या दिवशीं पुढें जाऊं नये. मानेवरील कातडी चिमटींत धरून सोडावी. ती चटकन् पूर्ववत् बसली नाहीं, तर अंगांतलें पाणी आटलें असें समजावें.

आपल्याकडे अश्ववैद्यकाचे आद्य आचार्य म्हणून शालिहोत्रांचें नांव घेतात. याच श्रीवर्धनच्या भट घराण्यांतील पहिल्या बाजीरावांनीं १७२८ सालीं पालखेडास निजामास कोंडलें, तें घोडदळाच्या शीघ्र हालचालींच्या बळावर. भीमेकांठच्या भीमथडी घोड्यांची कीर्ति तर सर्वश्रुत आहे. असा वारसा सांगणाऱ्यांनीं ऐकीव नियमापेक्षां जनावराकडे अधिक पाहावें.

आतां समुद्रकिनारीं मुलें घोड्यावर बसण्याचा हट्ट धरितात. त्यांना वर चढविण्यापूर्वीं घोड्यानें पाणी प्यालें आहे कीं नाहीं, तो सावलींत उभा होता कीं नाहीं, एवढें विचारावें. मुक्या जिवास बादली मागतां येते. ती दूर सारली तर भांडतां येत नाहीं.