मापाची गिटार : जादाचे पैसे नेमके कशाचे?

अंधेरीत गिटार वाजवणाऱ्यांना तोटा नाही आणि स्टुडिओंनाही नाही. त्यामुळे 'कस्टम गिटार' हा शब्द तुम्ही ऐकलेला असणारच. कारखान्यातून आलेली नव्हे, तर एका कारागिराकडून आपल्यासाठी घडवून घेतलेली इलेक्ट्रिक गिटार किंवा बेस. अशा कारागिराला लुथियर म्हणतात. दुकानातल्या साध्या गिटारच्या कितीतरी पट किंमत तो सांगतो. मग हे जादाचे पैसे कशाचे? बहुतेकांचं उत्तर असतं, लाकडाचे. माझं म्हणणं असं, की ते मुख्यतः मापाचे आणि शेवटच्या हाताचे असतात.

आधी वाद्य समजून घेऊ. तार पोलादाची किंवा निकेलची. तिच्याखाली चुंबक, आणि चुंबकाभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. हा झाला पिकअप. वरची तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र बदलतं, वेढ्यांत वीज निर्माण होते आणि ती अॅम्प्लिफायरकडे जाते. म्हणजे पिकअप लाकडाचा आवाज ऐकत नाही, तारेची हालचाल टिपतो. तारेच्या हालचालीवर लाकडाचा थोडाफार परिणाम होतो. तो किती, यावर वादक हिरिरीने भांडतात. पण वेढे कमीजास्त केले किंवा पिकअप दोन बोटं सरकवला, तर पडणारा फरक नवख्यालाही ऐकू येतो.

म्हणूनच तर लिओ फेंडर यांनी १९५० मध्ये भरीव फळीची गिटार बाजारात आणली. पोकळ पेटीच नाही, आणि मान स्क्रूने जोडलेली. मूळचे ते रेडिओ दुरुस्त करणारे. स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती! १९५१ मध्ये त्यांनी बेसलाही फ्रेट म्हणजे पडदे दिले आणि नाव ठेवलं 'प्रिसिजन', म्हणजे अचूक. आपल्या मुंबईतही हिंदी चित्रपटगीतं गिटारवर वाजवणारे वॅन शिप्ले यांनी स्वतःच्या कल्पनेतून आठ तारांची इलेक्ट्रिक गिटार साकारली होती. बाजारातलं वाद्य पुरेनासं झालं, की वादक असा स्वतःचा आराखडा मांडतो.

आता मापाकडे येऊ. फेंडर पद्धतीच्या गिटारमध्ये तारेची वाजती लांबी ६४८ मिलिमीटर असते. तिला १७.८१७ ने भागा. उत्तर येतं ३६.४ मिलिमीटर, तेवढ्या अंतरावर पहिला पडदा. उरलेल्या लांबीला पुन्हा त्याच आकड्याने भागायचं, की दुसरा पडदा. असं करत बारावा बरोबर निम्म्यावर, ३२४ वर येतो. बेसची लांबी साधारण ८६४, म्हणजे तिचा बारावा पडदा ४३२ वर. पडद्याची जागा चुकली, तर तारा कितीही लावा, तेवढ्या जागी सूर बेसूरच लागणार. शिवाय सगळ्या पडद्यांची उंची एकसारखी हवी. एक जरी किंचित वर राहिला, तरी तार त्याला घासून खरखरते. ही घासाई, तारा टेकतात त्या खाचांची खोली, मानेचा बारीकसा बाक, या सगळ्यात कारागिराचे दिवस जातात. फोटोत यातलं काहीच दिसत नाही.

हे ज्ञान आपल्याला परकं आहे का? मिरजेला जाऊन बघा. एकोणिसाव्या शतकात हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातल्या फरीदसाहेबांनी तिथे तंतुवाद्यांचं काम सुरू केलं. पुढे आडनावच सतारमेकर झालं. भोपळे येतात पंढरपूरच्या बाजूने. पण तंबोरा 'बोलतो' तो जवारीमुळे. घोडीचा माथा कानशीने जरा जरा घासायचा, तारेखाली दोरा सरकवायचा, ऐकायचं, पुन्हा घासायचं. तंबोरा कोणासाठी, त्याची पट्टी कोणती, हे आधी विचारायचं. 'कस्टम' म्हणतात ते हेच की! २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. मानांकन गावाच्या नावाला मिळतं. जवारी काढणारा कान मात्र शेजारी बसूनच शिकावा लागतो.

लाकडाचं थोडक्यात सांगतो. पडदे बसवायच्या पट्टीसाठी भारतीय शिसव जगभर वापरतात. २०१७ च्या जानेवारीपासून शिसवाच्या सगळ्या वंशावर आंतरराष्ट्रीय व्यापाराचे निर्बंध आले. २०१९ च्या नोव्हेंबरपासून तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. लाकूड दुर्मिळ आहे म्हणून वाद्य चांगलं, असं समीकरण मात्र मांडू नका. लाकूड नीट वाळलेलं आहे का, हे आधी बघा.

कारण आपली हवा! सहा तारा मिळून मानेला साधारण ४५ किलोचा ताण देतात. त्यात जुलैत लाकूड दमट हवेत फुगतं आणि स्टुडिओच्या एसीत सुकतं. मान हलते, तारा वर-खाली होतात. मानेतल्या पोलादी सळईला पीळ देऊन हे सावरता येतं. परदेशातून मागवलेल्या वाद्याचा कारागीर तुमचा पावसाळा बघायला येणार नाही. जवळचा येऊ शकतो, आणि त्याच्याकडे जाण्याचं हे फार मोठं कारण आहे.

श्रोत्यांमधून एक चिठ्ठी आली आहे : "नवशिक्याने कस्टम गिटार घ्यावी का?"

नको. आधी साधी घ्या आणि चांगल्या कारागिराकडून ती नीट लावून घ्या. दोन वर्षं वाजवा. मान जाड वाटते की पातळ, बेस खांद्याला जड होतो का, कोणता आवाज हवासा वाटतो, हे तेव्हा तुमचं तुम्हाला कळेल. ते सांगता आलं, की मगच लुथियरकडे जा. आणि गेल्यावर लाकडाचं नाव विचारण्याआधी त्याला विचारा, "पावसाळ्यानंतर गिटार घेऊन आलो, तर बघाल ना?" उत्तर तो कसं देतो, त्यावरून पैसे कशाचे ते कळेल.