समुद्रतळीचा नांगर

शेतात नांगर फिरला, तरी पुढल्या पावसाळ्यात ती भुई पुन्हा हिरवीगार होते, हे खेड्यातील लहान मूलही सांगेल. परंतु या पृथ्वीवर अशीही एक भुई आहे, की जिच्यावर एकदा ओढलेली नांगराची रेघ पंचवीस वर्षांनंतरही बुजत नाही. ती भुई म्हणजे महासागराचा तळ होय. त्या तळाचा आज कोणता सौदा मांडला जात आहे, हे दाखविणारा ‘डीप रायझिंग’ नावाचा अनुबोधपट आमच्या पाहण्यात आला. तो पाहून जे विचार मनात आले, ते वाचक कुटुंबांपुढे ठेवावेत, असे आम्हांस वाटते.

मॅथ्यू रिट्झ यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट २०२३ च्या जानेवारीत अमेरिकेतील सनडान्स महोत्सवात प्रथम दाखविण्यात आला. निवेदन जेसन मोमोआ या नटाचे आहे. मोमोआ यांचा जन्म हवाई बेटांवरचा. आणि ज्या समुद्राची ही कथा, तो हवाई व मेक्सिको यांच्या दरम्यानचा पॅसिफिक महासागराचा भाग होय. त्यास क्लॅरियन-क्लिपर्टन क्षेत्र म्हणतात. तेथे सुमारे चार ते साडेपाच हजार मीटर खोल, मऊ चिखलावर, बटाट्याएवढे काळे गोटे विखुरलेले आहेत. त्यांत मँगनीज, निकेल, तांबे व कोबाल्ट हे धातू असतात. माशाचा दात किंवा शिंपल्याचा तुकडा यांभोवती पाण्यातील धातूंचे थरावर थर बसून असा गोटा तयार होतो. आणि दहा लाख वर्षांत तो वाढतो अवघे काही मिलिमीटर!

हे गोटे कोणास हवे आहेत? चित्रपटात ‘द मेटल्स कंपनी’चे प्रमुख जेरार्ड बॅरन भांडवलदारांपुढे आपली बाजू मांडताना दिसतात. कंपनीचे म्हणणे असे, की विजेच्या मोटारींच्या बॅटऱ्यांसाठी निकेल व कोबाल्ट हवे; ते जमिनीतून काढू गेल्यास अरण्ये तुटतात व माणसे उठविली जातात; समुद्रतळी ना झाड, ना घर; तेव्हा तेथूनच घेणे बरे. हा युक्तिवाद अगदीच टाकाऊ आहे, असे आम्ही म्हणणार नाही. खाणीची लाल माती शेतात व ओढ्यात उतरली म्हणजे काय होते, हे गोव्यातील आमच्या वाचकांना कोणी सांगावयास नको.

परंतु तळ ओसाड आहे, हे मात्र खरे नव्हे. त्या काळोखात जे जीव राहतात, त्यांचे दर्शन हेच या चित्रपटाचे खरे धन आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाप्रमाणे एकट्या क्लॅरियन-क्लिपर्टन क्षेत्रात प्राण्यांच्या साडेपाच हजारांहून अधिक जाती असाव्यात; त्यांतील दहांपैकी सुमारे नऊ जातींना शास्त्राने अद्याप नावही दिलेले नाही. चिखलाच्या त्या प्रदेशात गोटा हाच काय तो टणक आधार. त्यावर स्पंज व प्रवाळ रुजतात. पेरू देशासमोरील समुद्रात तर मेलेल्या स्पंजाच्या देठावर अंडी घालून ती जपणारी ऑक्टोपसाची मादीही शास्त्रज्ञांनी पाहिली आहे. गोटा उचलला, की हे घरच उचलले जाते. शिवाय गोटे ओढून घेणारे यंत्र वरचा चिखलही ढवळते. त्या गाळाचा लोट दूरवर पसरतो, आणि स्वच्छ पाण्यातून अन्न गाळून खाणाऱ्या जीवांवर बसतो.

आता त्या नांगराच्या रेघेविषयी. १९८९ मध्ये जर्मन शास्त्रज्ञांनी परीक्षा म्हणून पेरूसमोरील समुद्रतळी, चार हजार मीटरांहून अधिक खोलीवर, जहाजामागून एक नांगर ओढला. २०१५ मध्ये, म्हणजे २६ वर्षांनी, शास्त्रज्ञ पुन्हा तेथे गेले, तेव्हा ते तास जसेच्या तसे दिसत होते, आणि तेथील जीवन पूर्ववत झालेले नव्हते. ही तर केवळ लहानशी परीक्षा होती. खाणकाम हजारो चौरस किलोमीटरांवर व्हावयाचे आहे.

मग ही भुई कोणाची? १९६७ मध्ये माल्टा या चिमुकल्या देशाचे प्रतिनिधी आर्व्हिद पार्दो यांनी संयुक्त राष्ट्रसंघात मागणी केली, की कोणत्याही देशाच्या हद्दीबाहेरचा समुद्रतळ हा अखिल मानवजातीचा सामाईक वारसा मानला जावा. १९८२ च्या सागरी कायद्याने हे तत्त्व मान्य केले, आणि १९९४ मध्ये जमैकातील किंग्स्टन येथे आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरण स्थापन झाले. पुढे २०२१ मध्ये नाउरू या बेटाने खाणकामाचे नियम दोन वर्षांत ठरवावेत, असा लकडा लावला. फॉस्फेटच्या खाणींनी ज्याची स्वतःची भूमी ओरबाडली गेली, त्याच बेटाने घाई करावी, हा दैवदुर्विलासच म्हणावयाचा. २०२५ च्या एप्रिलमध्ये हा कायदा न स्वीकारलेल्या अमेरिकेने तर स्वतःच्याच अधिकारात परवाने देण्याचा मार्ग धरला. उलट, त्याच वर्षापर्यंत सुमारे चाळीस देशांनी ‘जरा थांबा’ असे म्हटले आहे.

हा प्रश्न आपल्यापासून दूर नाही. गोव्यातील दोनापावल येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या ‘गवेषणी’ जहाजाने १९८१ च्या जानेवारीत अरबी समुद्रातून असे गोटे वर आणले होते. आज मध्य हिंदी महासागरातील ७५,००० चौरस किलोमीटर क्षेत्रात गोट्यांचे संशोधन करण्याचा करार भारताच्या नावे आहे. म्हणजे हा निर्णय कधीतरी आपल्या देशासही करावा लागणार.

जमिनीवर खाण आली, तर गाव उठतो, फिर्याद करतो. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातील खाणकाम थांबविले, ते अशाच तक्रारींची दखल घेऊन. समुद्रतळास मात्र ना ग्रामपंचायत, ना वकील. तेथील हानी पाहणारा शेजारीच नाही. आणि ज्या हानीस साक्षीदार नाही, ती स्वस्त वाटू लागते. असा साक्षीदार होणे, हीच या चित्रपटाची कामगिरी होय.

धातूच नको, असे कोणी म्हणू शकत नाही. आपल्या घरातील दूरध्वनीतही तो आहे. परंतु निकेल व कोबाल्ट यांवाचून चालणाऱ्या बॅटऱ्या आज लाखो मोटारींत बसत आहेत, आणि एकदा काढलेला धातू वितळवून पुन्हा वापरता येतो. कपाटात पडून राहिलेले जुने दूरध्वनी व निकामी बॅटऱ्या योग्य ठिकाणी परत देणे, हे आपल्यापैकी प्रत्येकास जमण्याजोगे आहे. सामाईक विहिरीवर पाणी भरताना शेजाऱ्याचा विचार करावा, ही रीत आपण मुलांना शिकवितो. समुद्राचा तळ हीदेखील सामाईकच मिळकत. तिचे वाटेकरी अजून जन्मावयाचे आहेत, एवढाच काय तो फरक.