लंडनमधील बाबासाहेबांचे घर : १०, किंग हेन्रीज रोड

भालकी, बसवकल्याण, आळंद भागातल्या आपल्या जुन्या वाड्यांचे तोंड आत असते. ढाळज ओलांडली की चौक, भोवती सोपे, वर माळवद. उजेड आणि वारा चौकातूनच येतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये लंडनला शिकताना ज्या घरात राहिले, त्याची बांधणी अगदी उलट आहे. ते घर स्मारक होताना जो पेच पडला, त्याचे एक मूळ या बांधणीतच होते.

घर व्हिक्टोरिया राणीच्या काळातले. तो परिसर ईटन कॉलेजच्या मालकीचा; कॉलेजचा संस्थापक राजा सहावा हेन्री, म्हणून रस्त्याला त्याचे नाव. त्या काळी लंडनमध्ये विटांची घरे एका ओळीत, एकमेकांना चिकटून बांधत आणि दोन घरांत एकच समाईक भिंत ठेवत. दर्शनी बाजू अरुंद, म्हणून घर उंच वाढायचे. खाली अर्धवट जमिनीत स्वयंपाक आणि कोळसा, वर बैठक, त्यावर झोपायच्या खोल्या. समाईक भिंतीत खिडकी काढता येत नाही. त्यामुळे पुढच्या-मागच्या खिडक्या उंच, वरखाली सरकणाऱ्या. शेगड्यांची धुराडीही त्याच भिंतीतून वर जातात. विटांचे बांधकाम चुन्यातले. एवढे मात्र आपल्या जुन्या गवंड्यांनाही ओळखीचे वाटले असते.

अशी हजारो घरे लंडनमध्ये आहेत. हे एक जपले गेले ते बाबासाहेबांमुळे. महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये ते विकत घेतले आणि त्याच वर्षी १४ नोव्हेंबरला पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते स्मारकाचे उद्घाटन झाले. पण तिथे राहत्या घराचे संग्रहालय करायला स्थानिक परवानगी लागते. कॅम्डेन कौन्सिलने २०१८ मध्ये ती नाकारली. एक राहते घर कमी होते आणि शेजाऱ्यांना वर्दळीचा त्रास होतो, असा आक्षेप होता. हा त्रास अगदीच काल्पनिक म्हणता येणार नाही. समाईक भिंतीपलीकडे जिन्यावरची पावलेही ऐकू जातात. शासनाने अपील केले, सुनावणी झाली आणि मार्च २०२० मध्ये ब्रिटिश सरकारने संग्रहालयाला मंजुरी दिली.

मुलांकडे लंडनला जाणाऱ्या सभासदांनी हे घर जरूर पाहावे. चॉक फार्म स्थानकापासून ते चालत जाण्याच्या अंतरावर आहे. दारावरची पाटी वाचून झाली की मान वर करून छपरावरची धुराडी पाहा. आत जिना चढताना पावले हलकी ठेवा, शेजारी लोक राहतात.