अकरावीची विषयनिवड : एक पूर्वविचार

विषय निवडण्याचे स्वातंत्र्य आपल्या समाजाला सहज मिळालेले नाही. एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिकत असताना बाबासाहेबांना संस्कृत घ्यायचे होते. अस्पृश्य म्हणून ते नाकारण्यात आले व त्यांना पर्शियन घ्यावी लागली. पुढे १९४६ साली त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय उघडले, तेव्हा तेथे कलेबरोबर विज्ञानाचेही शिक्षण मिळू लागले. आज विज्ञान शाखेचे दार कोणी उघडपणे अडवीत नाही. मात्र भीती आणि अपुरी माहिती यांमुळे आपली मुले स्वतःच काही दारे बंद करून घेतात.

गणित हे त्यांतील पहिले दार होय. दहावीत गणित अवघड गेले म्हणून अकरावीत केवळ जीवशास्त्राचा गट घेणारे विद्यार्थी पुष्कळ असतात. वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेत ७२० पैकी ३६० गुण जीवशास्त्राचे असतात. तेथे गणित लागत नाही. औषधनिर्माणशास्त्राची पदवी दोन्ही गटांना खुली आहे. परंतु अभियांत्रिकीच्या बहुतेक शाखांना गणित लागते आणि पदवीला भौतिकशास्त्र वा संख्याशास्त्र घेणाऱ्यालाही गणिताचा पाया हवा. म्हणून ज्याचा निश्चय झालेला नाही, त्याने शक्य असल्यास गणित व जीवशास्त्र दोन्ही घ्यावे. श्रम अधिक पडतील, पण निर्णयाला दोन वर्षांचा अवधी मिळेल.

दुसरी गोष्ट अभ्यासाची. अकरावीचे वर्ष विश्रांतीचे समजले जाते, हा मोठा गैरसमज आहे. राज्याच्या सीईटीत सुमारे २० टक्के भार अकरावीच्या अभ्यासक्रमाला असतो; ‘जेईई’ व ‘नीट’ यांत तर दोन्ही वर्षांचा अभ्यासक्रम येतो. शिवाय बारावीत भौतिक, रसायन व जीवशास्त्राच्या प्रत्येकी १०० गुणांपैकी ३० प्रात्यक्षिकाचे असतात. प्रयोगवही दुसऱ्याची पाहून उतरविणाऱ्याचे गुण तर जातातच, विषयही हातून निसटतो. मराठी माध्यमातून आलेल्यांनी पहिल्या तीन महिन्यांत प्रत्येक धड्यातील इंग्रजी संज्ञा मराठी अर्थासह वहीत उतरवाव्यात. मग पाठ्यपुस्तक परके वाटत नाही.

तिसरी गोष्ट कागदपत्रांची. व्यावसायिक अभ्यासक्रमातील राखीव जागेसाठी जात वैधता प्रमाणपत्र लागते. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा महत्त्वाचा ठरतो : आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या दाखल्याचा उतारा किंवा कोतवाल बुकाची नक्कल. असे कागद मूळ गावातून मिळवावे लागतात व त्यात महिने जातात. म्हणून अर्ज अकरावीतच करावा.

वसतिगृहातील मुलांचे आईवडील दूर असतात. अनेकांच्या घरी विज्ञान शाखेत जाणारे हे पहिलेच मूल असते. या तिन्ही गोष्टी दहावीचा निकाल लागण्यापूर्वीच त्यांना समजावून सांगणे, हे आम्हा शिक्षकांचे कर्तव्य आहे.