पितृत्वाची कसोटी

लग्न झाले की वर्ष-दोन वर्षांत पाळणा हलावा, ही आपल्या समाजाची अपेक्षा. त्यामुळे बाप होणे हा आपल्याकडे क्वचितच विचारपूर्वक घेतलेला निर्णय असतो. ज्यांच्या बाबतीत ही गोष्ट आपोआप घडणे शक्यच नाही, अशा समलिंगी पुरुषांना पितृत्वाची ओढ लागते काय आणि लागलीच तर ते काय करतात, हा प्रश्न अमेरिकेतील समाजशास्त्रज्ञ ज्युडिथ स्टेसी यांनी अभ्यासाला घेतला. त्यांचे निष्कर्ष आपल्याकडील सुज्ञांनीही शांतपणे विचारात घ्यावेत, असे आम्हांस वाटते.

स्टेसी यांनी लॉस एंजेलिस परिसरातील समलिंगी पुरुषांच्या जीवनक्रमाचा जवळून अभ्यास केला आणि २००६ साली त्यावरील निबंध प्रसिद्ध केला. काहींना बाप होणे हे आपले विधिलिखितच वाटत होते, काहींनी तो विचार साफ झटकला होता, आणि मधल्या अनेकांचा निर्णय जोडीदार कसा लाभतो यावर अवलंबून राहिला. ज्यांच्यापाशी पैसा होता त्यांनी सरोगसीचा महागडा मार्ग धरला. ज्यांच्यापाशी तो नव्हता त्यांपैकी कित्येकांनी सरकारी बालकल्याण खात्याच्या ताब्यातील मुले घरी आणली. अशी मुले बहुधा हेळसांड आणि मारहाण सोसून आलेली असतात. त्यांना घर मिळणे कठीण असते. संसार टाकून जाणाऱ्या बापांची चिंता ज्या काळात अमेरिकेत वाहिली जात होती, त्याच काळात हे पुरुष बाप होण्यासाठी कचेऱ्यांचे उंबरठे झिजवीत होते. यातील विरोधाभास स्टेसी यांनी अचूक टिपला आहे.

अशा घरांतील मुलांचे पुढे काय होते? २००१ साली स्टेसी आणि टिमथी बिब्लार्झ यांनी या विषयावरील २१ संशोधनांची छाननी केली. मुलांचे मानसिक स्वास्थ्य आणि आत्मविश्वास यांत त्यांना उणेपणा आढळला नाही. मात्र स्त्रीपुरुषांच्या ठराविक भूमिकांविषयी ही मुले अधिक मोकळेपणाने विचार करतात, यांसारखे काही फरक त्यांना दिसले. आणि टीकेच्या भयाने संशोधक हे फरक झाकतात, असे त्यांनी स्वपक्षीयांनाच सुनावले. फरक म्हणजे दोष नव्हे, हा त्यांचा मुद्दा आम्हांस मोलाचा वाटतो. त्या काळातील बहुतेक पाहण्या लहान होत्या आणि त्याही मुख्यतः समलिंगी मातांच्या, हेही येथे नमूद केले पाहिजे.

मुलाला आई आणि बाप दोन्ही हवेत, असा आक्षेप येईल. तो प्रामाणिक आहे. परंतु आजी, मावशी, विधवा आत्या यांच्या हाती वाढलेली कित्येक कर्ती माणसे आपल्या वाड्यावाड्यांतून आढळतील. देवकीचा पुत्र नंदाच्या घरी वाढला आणि जगाने त्याला नंदलाला म्हटले. जन्म देणे आणि वाढवणे यांतील भेद आपल्या परंपरेला कधीच अपरिचित नव्हता.

आपला कायदा मात्र येथे अडखळतो. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी संबंधांवरील गुन्ह्याचा शिक्का पुसला. पुढे १७ ऑक्टोबर २०२३ रोजी त्याच न्यायालयाने समलिंगी विवाहास मान्यता नाकारली आणि अविवाहित जोडप्यांना एकत्र दत्तक घेण्यास असलेली मनाई तीन विरुद्ध दोन मतांनी कायम ठेवली. २०२१ च्या कायद्याने सरोगसीचा मार्गही त्यांना बंद आहे. स्त्रियांचे शोषण टाळण्याचा त्या कायद्याचा हेतू आम्हांस मान्य आहे. परंतु एकटा पुरुष मुलगा दत्तक घेऊ शकतो आणि त्याचा सोबती त्याच मुलास वाढवूनही कायद्याला परका ठरतो, ही स्थिती विपरीत होय. पहिल्या पित्याचे बरेवाईट झाले, तर ज्याने रात्रीचे जागरण केले आणि शाळेची फी भरली, त्याला मुलावर हक्क सांगता येत नाही.

याची झळ मुलालाही बसते. गोव्यात आईबापांच्या अर्ध्या मालमत्तेवरील अपत्यांचा हक्क मृत्युपत्रानेही हिरावून घेता येत नाही, याचा आपल्याला सार्थ अभिमान आहे. पण हे संरक्षण कायद्याने ज्याला अपत्य म्हटले त्यालाच मिळते. दुसऱ्या पित्याचे मूल त्याच्या लेखी कोणीच नसते.

समलिंगी विवाहाविषयी समाजाचे मत बनावयास वेळ लागेल. तो लागू द्यावा. मूल मात्र तोवर लहान राहत नाही. त्याला सांभाळणारे दोन हात कायद्याने ओळखावेत, एवढी मागणी करण्यास कोणत्याही धर्माची वा रूढीची आडकाठी असू नये.